मॉरोविंड पुन्हा खेळायचंय? मग धुकं काढू नका

मे २००२ मध्ये आलेला मॉरोविंड हा कॉम्प्युटर गेम आज पुन्हा लावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी तो सोडून देतात. त्याची कारणं साधारण दोनच असतात. काही जण खेळ सुरू करायच्या आधीच दोनशे मॉड, म्हणजे खेळ बदलणाऱ्या चाहत्यांच्या फाइल्स, लावतात. डोंगरापलीकडचं सगळं लख्ख दिसायला लागतं आणि आठवणीतलं ते अफाट बेट एकदम अंगणाएवढं वाटतं. बाकीचे लोक पहिल्याच खेकड्यावर सुरी चालवतात, वीसपैकी सोळा वार हवेत जातात, आणि 'तेव्हा कसं काय खेळत होतो आपण हे?' म्हणून खेळ बंद करतात.

दोन्ही टाळता येतं. त्यासाठी काय दुरुस्त करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे खेळायला बसण्याआधी ठरवावं लागतं.

काय लागेल

मूळ खेळ, म्हणजे त्याच्या डेटा फाइल्स. 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती स्टीम आणि गॉग या दोन्हीकडे मिळते. तिच्यात मूळ खेळासोबत ट्रायब्युनल (नोव्हेंबर २००२) आणि ब्लडमून (जून २००३) ही दोन्ही एक्सपान्शन, म्हणजे खेळाचे जोडभाग, येतात. कपाटात जुनी सीडी असेल आणि ती अजून वाचली जात असेल, तर तीही चालते.

मशीनची चिंता नको. २००२ मध्ये या खेळाची किमान मागणी ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, विंडोज ९८ वर १२८ एमबी आणि एक्सपीवर २५६ एमबी रॅम, ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड आणि एक जीबी जागा एवढी होती. असेंबल केलेल्या घरच्या पीसीत त्या काळी ३२ एमबीचं कार्ड नसायचं, म्हणून अनेकांनी हा खेळ स्लाइड शोसारखा पाहिला. आज वेगळं कार्ड नसलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही तो आरामात चालतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एक वही आणि पेन. का, ते पुढे येईल.

इंजिन: मूळ की ओपनएमडब्ल्यू

मूळ इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, आजच्या विंडोजवर चालतं खरं, पण कुरकुरत. आज नव्यानं सुरू करणाऱ्यानं सरळ ओपनएमडब्ल्यू घ्यावं. हे मुक्तस्रोत इंजिन विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, फुकट आहे, आणि मूळ खेळाच्या फाइल्स वाचून तोच खेळ चालवतं. एक लक्षात ठेवा, 'मॉरोविंड कोड पॅच' आणि 'एमजीई एक्सई' ही दोन्ही अवजारं मूळ इंजिनासाठी आहेत. जुन्या लेखांत ती 'लावलीच पाहिजेत' असं सापडेल, पण ओपनएमडब्ल्यूला त्यांचा काही उपयोग नाही.

लावायचा क्रम असा:

१. आधी मूळ खेळ लावा, पण 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या आत नको. तिथं विंडोज लिहायची परवानगी अडवतं आणि पुढे मॉड टाकताना, सेटिंग जपताना चित्रविचित्र अडचणी येतात. डी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं साधं फोल्डर करा. स्टीम वापरत असाल तर लायब्ररीची जागाच तिकडे हलवा.

२. मूळ खेळ एकदा सुरू करून मुख्य मेन्यूपर्यंत जा आणि बंद करा.

३. ओपनएमडब्ल्यू लावा. पहिल्यांदा लाँचर उघडला की तो 'इन्स्टॉलेशन विझार्ड' पुढे करतो. तिथं 'आधीच लावलेला खेळ' हा पर्याय निवडून डेटा फाइल्समधली मॉरोविंड ईएसएम ही फाइल दाखवा.

४. विझार्ड जुन्या आयएनआय फाइलमधली सेटिंग आयात करू का, असं विचारतो. हो म्हणा. ही पायरी गाळणाऱ्यांनाच पुढे गुलाबी भिंती आणि वस्तूंच्या जागी उद्गारचिन्हं दिसतात. एक्सपान्शनच्या बीएसए फाइल्स, म्हणजे चित्रं आणि आकार भरलेली गाठोडी, इंजिनाला माहीतच झालेली नसतात. तसं झालं तर खेळ पुन्हा लावत बसू नका. लाँचरमध्ये मॉरोविंड, ट्रायब्युनल आणि ब्लडमून या तिन्ही बीएसए फाइल्सपुढे खूण आहे का ते बघा.

५. 'कंटेंट फाइल्स'च्या यादीत क्रम मॉरोविंड, ट्रायब्युनल, ब्लडमून असाच हवा.

आजच्या पडद्यावर मूळ अक्षरं मुंगीएवढी दिसतात. लाँचरमधल्या इंटरफेसच्या सेटिंगमध्ये 'जीयूआय स्केलिंग' असतं. फुल एचडी पडद्यावर १.५ आणि फोर-केवर २ किंवा थोडं जास्त ठेवा. या खेळात वाचायला प्रचंड आहे, संवाद जवळजवळ सगळे लिखित आहेत, त्यामुळे इथं कंजूसपणा करू नका.

आणखी एक सेटिंग आधीच बदलून ठेवा. क्विकसेव्ह, म्हणजे एका कळीनं होणारा झटपट सेव्ह, मुळात एकच राहतो आणि प्रत्येक नवा सेव्ह जुन्याला पुसतो. 'मॅक्स क्विकसेव्हज' ५ करा. चुकून एखादा महत्त्वाचा माणूस मेला आणि अर्ध्या तासानं ते लक्षात आलं, तर परत जायला वाट राहते.

जुने सेव्ह कुठल्या तरी हार्ड डिस्कवर जपून ठेवले असतील तर वाईट बातमी आहे. मूळ इंजिनाचे ईएसएस सेव्ह ओपनएमडब्ल्यूमध्ये थेट उघडत नाहीत. आयात करायचं अवजार आहे, पण त्याचं काम अर्धवट होतं. तो जुना लेव्हल ४० चा वीर भेटायला हवाच असेल तर मूळ इंजिनात उघडून त्याला रामराम करून या, आणि नवा खेळ नव्या पात्रानं सुरू करा.

धुकं

आता मुद्द्याचं. या खेळातलं अंतर मोजायचं एकक म्हणजे सेल. एक सेल ८१९२ युनिटचा असतो आणि ६४ युनिट म्हणजे एक यार्ड, म्हणजे सेलची बाजू सुमारे ११७ मीटर भरते. तुम्ही जहाजातून उतरता ते सेडा नीन आणि पहिलं मोठं गाव बाल्मोरा यांच्यात सरळ रेषेत जेमतेम सात सेल आहेत. हिशेब केला तर ८२० मीटर. आपल्याकडे एवढ्यासाठी कोणी रिक्षा करत नाही, पायीच जातात!

तरीही तो प्रवास लांबलचक का आठवतो? कारण मूळ खेळात एका सेलच्या पलीकडचं काही दिसतच नव्हतं. धुक्यातून आधी एक दगड, मग दगडामागचं झाड, मग झाडाशेजारून येणारा प्राणी, असं जग हप्त्याहप्त्यानं समोर यायचं. त्यात वाट वाकडी, डोंगर आडवे आणि सुरुवातीच्या पात्राचा वेग गोगलगायीचा. तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डांना झेपावं म्हणून आलेली ही मर्यादा बेटाला मोठं करून गेली.

ओपनएमडब्ल्यूच्या टेरेनच्या सेटिंगमध्ये 'डिस्टंट लँड' नावाची चौकट आणि शेजारी सेलमध्ये मोजलेलं दृश्य-अंतर असतं. दहा-पंधरा सेल ठेवून पाहण्याचा मोह होईल. पाच मिनिटं बघून घ्या, हौस फिटू द्या. मग परत खाली आणा. दोन पर्याय चांगले:

'डिस्टंट लँड' बंद आणि अंतर मुळात असतं तेवढंच. अगदी २००२ चं जग. ज्याला आठवण जशीच्या तशी हवी, त्यानं हेच करावं.

किंवा 'डिस्टंट लँड' चालू आणि अंतर दोन ते अडीच सेल. डोंगराच्या कडा धूसर दिसतात, पण पुढचं गाव दिसत नाही. डोळ्यांना आताची सवय झालेली असते, त्यामुळे बहुतेकांना हे मानवतं. चार सेलच्या पुढे गेलात की बेटाचा नकाशा नजरेनंच पाठ व्हायला लागतो, आणि एकदा झाला की तो विसरता येत नाही.

मॉड: तीन पुरे

'पॅच फॉर प्युरिस्ट्स' फक्त चुका दुरुस्त करतो. अडकलेली क्वेस्ट (खेळातली कामगिरी), चुकीचे संवाद, हवेत तरंगणारे दगड, असल्या गोष्टी. त्याला दोन्ही एक्सपान्शन लागतात.

'मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच' आकार हलके करतो, खेळ सुरळीत पळतो आणि दिसण्यात फरक पडत नाही.

तिसरा 'एक्सपान्शन डिले', आणि हा सगळ्यांत गरजेचा. ट्रायब्युनल लावलेलं असलं की लेव्हल १ ला पहिल्यांदा झोपलात तरी डार्क ब्रदरहूड या टोळीचा मारेकरी उशाशी येऊन उभा राहतो. जगलात तर त्याचं चिलखत विकून एका रात्रीत श्रीमंत होता, मेलात तर वैतागता. दोन्ही प्रकारांत सुरुवातीचा कंगालपणा संपतो, आणि सुरुवातीची सगळी गंमत त्या कंगालपणातच आहे. हा मॉड त्याला पुढे ढकलतो.

मॉड नकोच असतील तर कंटेंट यादीतून ट्रायब्युनल आणि ब्लडमूनची खूण काढून फक्त मॉरोविंड चालवा. मारेकरी येणारच नाही. मात्र मग पहिला मॉडही चालणार नाही.

नवे चेहरे, नवं गवत, नव्या चित्रांचे संच आज लावू नका. एकदा खेळ पूर्ण करा, मग काय हवं ते करा.

पात्र बनवताना

दहा प्रश्नांची उत्तरं देऊन वर्ग ठरवायचा पर्याय गमतीचा आहे, पण त्यातून भलतंच काही हाती येतं. 'स्वतःचा वर्ग' हा पर्याय घ्या. मेजर (मुख्य) स्किल, म्हणजे कौशल्यं, ३० पासून, मायनर (दुय्यम) १५ पासून आणि बाकी सगळी ५ पासून सुरू होतात. निवडलेल्या स्पेशलायझेशनच्या स्किलना वर ५ मिळतात, आणि वंशाचे वेगळे.

उदाहरणार्थ, रेडगार्ड हा वंश. लाँग ब्लेडला वंशाचे १५ मिळतात. लाँग ब्लेड मेजरमध्ये घेतलं आणि स्पेशलायझेशन कॉम्बॅट ठेवलं, की ३०, ५ आणि १५ मिळून पहिल्याच मिनिटाला ५०. आवडत्या गुणांत एन्ड्युरन्स (काटकपणा) आणि अॅजिलिटी (चपळाई) घ्या, दोन्हीला १० मिळतात. जन्मचिन्ह 'वॉरियर' घेतलं तर वार लागण्याच्या शक्यतेत सरळ १० ची भर पडते. परत आलेल्या माणसासाठी याहून निवांत सुरुवात नाही. 'अॅट्रोनाक' हे चिन्ह जादूगारांना भुलवतं, कारण त्यात मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, भरपूर मिळते. पण झोपून ती परत भरत नाही. दुसऱ्यांदा खेळताना घ्या.

एन्ड्युरन्स का? प्रत्येक लेव्हलला मिळणारं आरोग्य त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं असतं. नंतर एन्ड्युरन्स वाढवला तर मागच्या लेव्हलचा हिशेब बदलत नाही. म्हणून पहिल्या काही लेव्हलला तो वाढवून घ्यावा. मेजर-मायनर मिळून दहा स्किल वाढली की झोपल्यावर तीन गुण वाढवता येतात. एखाद्या गुणाखालची स्किल त्या लेव्हलमध्ये १ ते ४ वेळा वाढली असतील तर तो गुण २ नं वाढतो, ५ ते ७ ला ३ नं, ८-९ ला ४ नं आणि १० ला ५ नं. हे माहीत असू द्या, पण तक्ता करून खेळू नका. तक्ता मांडून बसलेला माणूस पंधरा मिनिटं भिंतीला टेकून उड्या मारत राहतो, आणि ते काही खेळणं नव्हे.

हिरवी पट्टी

खाली डावीकडे तीन पट्ट्या असतात. लाल आरोग्याची, निळी मॅजिकाची आणि हिरवी दमाची. वीसपैकी सोळा वार फुकट जातात त्यात या हिरव्या पट्टीचा मोठा हात असतो.

वार लागायची शक्यता काढताना खेळ आधी हत्याराचं स्किल, अॅजिलिटीचा पाचवा हिस्सा आणि लकचा दहावा हिस्सा यांची बेरीज करतो. दम पूर्ण असेल तर तिला १.२५ नं गुणतो, दम संपला असेल तर ०.७५ नं. समोरच्याची चपळाई नंतर वजा होते.

वरचा रेडगार्ड घ्या. लाँग ब्लेड ५०, अॅजिलिटी ५० चा पाचवा हिस्सा १०, लक ४० चा दहावा ४. बेरीज ६४. दम पूर्ण असताना ८०, वॉरियर चिन्हाचे १० धरून ९०. धापा टाकत असताना तेच ४८ आणि १०, म्हणजे ५८.

आता खरी गोची. सेडा नीनच्या सरकारी कचेरीत टेबलावर एक लोखंडी सुरी ठेवलेली असते. जो तो ती उचलतो आणि तिच्यावरच भागवतो. पण सुरी म्हणजे शॉर्ट ब्लेड. याच रेडगार्डचं शॉर्ट ब्लेड १०. बेरीज २४. पूर्ण दमात ३०, दम संपल्यावर १८. चिन्हाचे १० मिळवले तरी पळत पळत जाऊन केलेले शंभरपैकी ७० हून जास्त वार हुकणार, आणि समोरच्याची चपळाई तर अजून वजा व्हायची आहे. पडद्यावर सुरी खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना दिसते, म्हणून राग जास्त येतो.

उपाय साधे आहेत. ज्या स्किलमध्ये गुण घातलेत त्याच जातीचं हत्यार अरीलच्या दुकानातून घ्या, लोखंडी असलं तरी चालेल. शत्रू दिसला की पळणं थांबवा. कॅप्स लॉकनं पळणं-चालणं बदलतं, आणि चालताना दम भरत राहतो. लढाईच्या आधी दहा सेकंद उभं राहणं हे महागड्या तलवारीपेक्षा जास्त कामाचं आहे. मंत्र फसणं, दुकानदाराशी घासाघीस, कोणाला गोड बोलून पटवणं, या सगळ्याच्या हिशेबात हाच दम असतो. दुकानात धापा टाकत शिरलात तर भावही वाईट मिळतो! या खेळात सगळ्यांत मजेशीर वाटणारी बारीक गोष्ट हीच.

सेटिंगमध्ये 'ऑलवेज यूज बेस्ट अटॅक' चालू करा. नाहीतर उभ्यानं केला तर वरून घाव, पुढे सरकताना भोसकणं, बाजूला सरकताना आडवा वार, असं तीन तऱ्हांचं गणित सांभाळावं लागतं. ते बंदच ठेवलंत तर भाला वापरणाऱ्यानं पुढे सरकतच मारायची सवय लावून घ्यावी.

आणखी एक फसगत बटणांची. इथं वस्तू उचलायला किंवा बोलायला स्पेस बार आहे आणि ई दाबलं की उडी. नंतरच्या खेळांची सवय झालेला माणूस पहिला तासभर प्रत्येक माणसासमोर उड्या मारतो. बदलून घ्या किंवा मारा उड्या, अॅक्रोबॅटिक्स तरी वाढेल.

सेडा नीनमधला पहिला तास

कचेरीच्या दोन इमारतींमध्ये छोटं अंगण आहे. तिथल्या पिंपात एक अंगठी असते. बाहेर पडताच फारगॉथ नावाचा बुटका बॉस्मर (वनातल्या एल्फांच्या वंशाचा) तिच्याबद्दल विचारतो. देऊन टाका. त्याचा आणि त्याचा मित्र अरील याचा तुमच्याबद्दलचा कल सुधारतो, आणि अरील हाच गावातला दुकानदार. म्हणून आधी अंगठी, मग खरेदी.

अरीलच्या वरच्या मजल्यावर ह्रिस्कार बसलेला असतो. फारगॉथ आपले पैसे कुठं लपवतो ते बघून ये, असं तो सांगतो. अंधार पडल्यावर दीपगृहाच्या माथ्यावर चढा आणि खाली बघत राहा. फारगॉथ कंदील घेऊन दलदलीकडे निघतो, इकडं तिकडं बघत एका पाणथळ खड्ड्यातल्या खोडापाशी थांबतो. तो घरी परतला की तिथं जा. पैसे मिळतात, आणि दिलेली अंगठीही परत मिळते. फारगॉथबद्दल वाईट वाटत असेल तर ह्रिस्कारला नाही म्हणा. खेळ काही बोलत नाही.

गावाबाहेर करवसुली अधिकाऱ्याचं प्रेत सापडतं, अंगावर २०० नाणी. ते पैसे ठेवायचे की कचेरीत नेऊन द्यायचे हे तुमच्यावर. नेऊन दिलेत तर खुन्याचा शोध सुरू होतो, आणि खुनी त्याच गावात एका झोपडीत राहतो. त्याच्याशी आधी बोला, लगेच तलवार काढू नका.

वाट विचारत जाणं

आताच्या खेळांत नकाशावर बाण असतो. इथं माणूस तोंडी वाट सांगतो, ती जर्नलमध्ये, म्हणजे खेळातल्या रोजनिशीत, उतरते, आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. गावाकडे पत्ता विचारल्यासारखंच, ओढा ओलांडला की वडापासून डावीकडे. मूळ खोक्यात कागदी नकाशा यायचा तो याचसाठी.

पहिली खरी परीक्षा अर्कंगथांडची. खेळ सुरुवातीलाच ज्याच्याकडे पाठवतो, त्या कायस कोसेडिसला बाल्मोरात भेटलात की तो थोडे पैसे देतो आणि आधी चार कामं करून अनुभव घे असं सुचवतो. तो खरंच सांगत असतो, ऐका. फायटर्स गिल्डमध्ये उंदीर मारायचं काम मिळतं, मेजेस गिल्डमध्ये अजिरा चार प्रकारची आळंबी आणायला सांगते. दोन-तीन लेव्हल झाल्या की कायसकडे परत जा. मग तो हॅसफाट अँटाबोलिसकडे पाठवतो, आणि हॅसफाट म्हणतो, लुप्त झालेल्या ड्वेमर लोकांच्या अर्कंगथांडमधल्या अवशेषांतून कोड्याची पेटी आण.

इथं वही काढा आणि हॅसफाटचं बोलणं खुणांमध्ये तोडून लिहा:

बाल्मोरा, दक्षिणेकडे, नदीवरचा पूल.
पाटी. मूनमॉथ किल्ल्याकडे.
किल्ला मागे टाकून पुढे, फोयाडा ममाईया. लाव्हानं कोरलेली खोल घळ.
घळीवर जुना ड्वेमर पूल. ओलांडा.
पलीकडे अवशेष.

एका ओळीत एक खूण लिहायची आणि ती दिसल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. चुकणारे बहुतेक जण पूल सोडून घळीत उतरतात. घळ लांबच लांब आहे, दोन्ही कडा उंच, आणि पंधरा मिनिटांनी आपण भलत्याच दिशेला राखेत उभे असतो. तसं झालं तर चढायचा प्रयत्न करू नका, आल्या वाटेनं मागे जा.

अवशेषांशी पोचल्यावर दार उघडत नाही म्हणून परत फिरणारेही आहेत. ते गोल दार हातानं उघडत नाही. जवळच्या पाइपावर एक फिरवायचा दांडा आहे, तो शोधा. आत गुंड आहेत आणि अंधार आहे, तेव्हा मशाल घेऊन जा. पेटी हाताच्या तळव्याएवढी, बाकी भांडीकुंडी पडल्यासारखी शेल्फवर पडलेली. नजर तिच्यावरून सहज सरकते आणि मग लोक तळापर्यंत सगळं धुंडाळतात. खोलवर उतरण्याआधी सुरुवातीच्या भागातल्या खोल्यांमधले शेल्फ एकेक करून बघा.

वाट खरंच सापडत नसेल तर ऑनलाइन उत्तर शोधायच्या आधी जर्नलमधली नोंद पुन्हा वाचा. दहापैकी आठ वेळा डावं-उजवं चुकलेलं असतं. उरलेल्या दोन वेळा सांगणाराच चुकलेला असतो, तेव्हा शोधायला हरकत नाही.

एसटी, होडी आणि मंत्र

नकाशावर टिचकी मारून कुठंही जाता येत नाही. पण प्रवासाची जाळी चांगली आहे, फक्त ती एसटीच्या वेळापत्रकासारखी पाठ करावी लागतात. सिल्ट स्ट्रायडर, ते उंच पायांचं किड्यासारखं वाहन, सेडा नीनहून बाल्मोरा, ग्नीसिस, सुरान आणि व्हिव्हेकला जातं. बाल्मोराहून अल्ड-रूहन, सेडा नीन, सुरान, व्हिव्हेक. अल्ड-रूहनहून बाल्मोरा, ग्नीसिस, खूल, मार गान. म्हणजे सेडा नीनहून खूलला बाल्मोरा आणि अल्ड-रूहन इथं गाडी बदलून जाता येतं. मेजेस गिल्डची सभासद माणसं बाल्मोरा, अल्ड-रूहन, काल्डेरा, साड्रिथ मोरा आणि व्हिव्हेक या पाच ठिकाणी एका क्षणात ये-जा करतात. तेवढ्यासाठी योद्ध्यानंही सभासद व्हावं.

परतीसाठी दोन स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, कायम जवळ हवेत. 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन' जवळच्या इम्पीरियल कल्टच्या देवस्थानात टाकतो, 'अल्मसिव्ही इंटरव्हेन्शन' जवळच्या ट्रायब्युनल मंदिरात. पुढे 'मार्क' (जागेवर खूण ठेवणारा) आणि 'रिकॉल' (त्या खुणेपाशी परत नेणारा) हे मंत्र मिळाले की मार्क घरी ठेवू नका. ज्या गुहेतला माल एका फेरीत उचलला जात नाही, तिच्या दारात ठेवा.

काल्डेरातल्या घोराक मॅनरमध्ये क्रीपर नावाचा स्कॅम्प, म्हणजे छोटा राक्षस, आहे. तो पूर्ण भावानं वस्तू घेतो आणि त्याच्याकडे ५००० नाणी असतात, ती दर चोवीस तासांनी पुन्हा भरतात. त्याच्याकडे निदान लेव्हल १५ पर्यंत जाऊ नका. पैसा संपण्याची भीती गेली की बाल्मोराच्या दुकानांतलं सगळं सामान शोभेचं होतं.

आकाशातून पडणारा माणूस

पहिल्यांदा बाल्मोराला स्ट्रायडरनं जाऊ नका, चालत जा. सेडा नीनच्या बाहेर रस्त्यावर किंकाळी ऐकू येते आणि वरून एक जादूगार धप्पकन समोर पडतो. हा तारहिएल. त्याच्या अंगावर 'इकारियन फ्लाइट'चे तीन स्क्रोल असतात. प्रत्येक स्क्रोल सात सेकंदांसाठी अॅक्रोबॅटिक्समध्ये १००० ची भर घालतो. तो मेला कारण उडी सात सेकंदांहून लांब होती आणि उतरताना त्याचं अॅक्रोबॅटिक्स पुन्हा साधं झालं होतं.

तुम्ही असं करा. आधी एक वेगळा सेव्ह करा, क्विकसेव्ह नको. एफ १ दाबून स्क्रोल एखाद्या अंकाच्या कळीवर बसवा. मोकळ्या जागी, समुद्राकडे तोंड करून उभं राहा, स्क्रोल वापरा आणि पळत उडी मारा. बेट पायाखालून निघून जातं आणि काही क्षण सगळीकडे नुसतं धुकं असतं. आता दोनच वाटा आहेत. खाली पाणी असेल तर काही करायचं नाही, पाण्यात पडल्यावर इजा होत नाही. खाली जमीन असेल तर धुक्यातून दगड दिसायला लागण्याच्या जरा आधी दुसरा स्क्रोल वापरायचा, म्हणजे आपटताना १००० ची भर पुन्हा अंगात असते. फार लवकर वापरला तर सात सेकंद हवेतच संपतात. फार उशीर झाला तर तारहिएलशेजारी जागा आहे.

तिसरा स्क्रोल राहतो. तो परत यायला पुरत नाही, त्यामुळे जिथं उतरलात तिथून बाल्मोरापर्यंतची वाट विचारत जावं लागतं.